हौशी छायाचित्रकाराचा कैवार

अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतून एक मत शिष्टाचाराच्या थाटांत वावरूं लागलें आहे. चार माणसें जमलीं असतां कोणीं मोबाइल काढून समोरच्या दृश्याचें छायाचित्र घेतलें, कीं बैठकींतील एखादा विचारवंत दयार्द्र स्मित करून म्हणतो, "अहो, छायाचित्रें कसलीं काढतां? तो क्षण अनुभवा!" इतर माना डोलावितात, छायाचित्र काढणारा ओशाळतो आणि यंत्र निमूटपणें खिशांत जातें. हें मत दिसावयास इतकें सोज्ज्वळ आहे कीं, त्याला विरोध करणारा मनुष्यच उथळ ठरावयाचा. तरीहि मी त्याला विरोध करणार आहें. कारण या मताच्या नांवाखालीं एका निरुपद्रवी माणसावर अन्याय होत आहे. तो माणूस म्हणजे घरांतला हौशी छायाचित्रकार.

कैवार घ्यावयाचा तर अशिलाची ओळख आधीं करून दिली पाहिजे. माझें अशील म्हणजे लग्नमंडपांत दिव्यांचा लवाजमा घेऊन हिंडणारा धंदेवाईक नव्हे. किल्ल्याच्या बुरुजाकडे पाठ करून स्वतःचाच चेहरा टिपणारा प्रवासीहि नव्हे. तो बँकेंतला कारकून असेल, शाळेंतली शिक्षिका असेल, निवृत्त पोस्टमास्तर असेल. दूध उतूं जाण्यापूर्वीं पातेल्यावर फुगलेली साय, स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेला उन्हाचा चौकोन, भिंतीला टेकून एका पायावर बूट चढविणारा नातू, चैत्रांत गच्चीवर पसरलेल्या कुरडया आणि त्यांची राखण करीत पेंगणारी म्हातारी, असल्या गोष्टींपुढें हा माणूस थबकतो. त्यांतली एखादी टिपतो, आणि बहुधा ती कोणाला दाखवीत नाहीं. अशा या माणसावर दोन बाजूंनीं मारा चालू आहे. एका बाजूस विरक्त उभे आहेत. ते म्हणतात, छायाचित्र काढूंच नका. दुसऱ्या बाजूस कलामार्तंड उभे आहेत. ते म्हणतात, काढा, पण आम्ही सांगूं तें आणि आम्ही सांगूं तसें काढा. दोघांचीं तोंडें विरुद्ध दिशांना असलीं, तरी त्यांच्या म्हणण्याचा अर्थ एकच आहे. साध्या माणसाच्या साध्या दिवसांत मुद्दाम पाहण्याजोगें कांहीं नसतें, असें दोघांनाहि वाटतें.

विरक्तांचा आक्षेप प्रथम घेऊं. तो नवा आहे, मोबाइलमुळें उद्भवला आहे, असा पुष्कळांचा समज आहे. पण तो जवळजवळ छायाचित्रणाइतकाच जुना आहे. दागेरची कृति पॅरिसमध्यें १८३९ सालीं जाहीर झाली, आणि त्यानंतर वीसच वर्षांनीं, १८५९ सालीं, तेथील वार्षिक कलाप्रदर्शनावर लिहितांना बोदलेअर या कवीनें छायाचित्रणावर सडकून टीका केली. चित्रकलेंत अपयशी ठरलेल्या आळशांचें हें आश्रयस्थान आहे, त्यानें मुद्रण व लघुलेखन यांच्याप्रमाणें शास्त्रांची आणि कलांची चाकरी करावी व कल्पनेच्या राज्यांत पाऊल ठेवूं नये, असा त्याचा निवाडा होता. आजच्या विरक्तांनाहि याहून तिखट कांहीं लिहितां आलेलें नाहीं. परंतु हाच कवि पुढें नादारच्या कॅमेऱ्यासमोर बसलेला आपणांस दिसतो, आणि १८६५ च्या अखेरीस ब्रुसेल्सहून आईला लिहिलेल्या पत्रांत, मला तुझें एक छायाचित्र हवें आहे, अशी मागणी करतो. मागणीबरोबर त्याच्या सूचनाहि आहेत. चित्र घेतांना मी स्वतः हजर असावें, आणि चित्र हुबेहूब असूनहि त्यांत रेखाटनाची मृदुता यावी, अशी त्याची इच्छा आहे. विसंगतीबद्दल मी बोदलेअरला दोष देत नाहीं. उलट, टीकाकार म्हणून त्याला जें उमगलें नाहीं तें मुलगा म्हणून उमगलें, असेंच मी म्हणेन. कलेच्या दरबारांत छायाचित्राचें स्थान कोणतें, हा प्रश्न एक. आणि दूरदेशीं एकट्या पडलेल्या मुलाला आईचें छायाचित्र कां हवेंसें वाटतें, हा प्रश्न दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरानें दुसऱ्याचें तोंड बंद करतां येत नाहीं. आमचे विरक्त नेमकें हेंच करूं पाहतात.

कॅमेरा ज्याच्या हातीं असतो, तोच काय पाहण्याजोगें आहे तें ठरवीत असतो, याची साक्ष इतिहास देतो. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकीं होत. त्या काळचें काम मोठें जिकिरीचें. कांचेवर ओलें रसायन चढवावयाचें, तें वाळण्यापूर्वींच चित्र घ्यावयाचें व लागलीच अंधाऱ्या तंबूंत शिरून तें धुवावयाचें. असा खटाटोप कोण करणार? धनिक, डॉक्टर किंवा सरकारी अधिकारी. आणि तो कशासाठीं करणार? लेण्यांसाठीं, दरबारांसाठीं, किंवा प्रजेचे नमुने गोळा करण्यासाठीं. १८६८ ते १८७५ या काळांत सरकारनें 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत जाती आहेत, जमाती आहेत, पोशाख आहेत, हत्यारें आहेत. माणसें मात्र नमुने म्हणून उभीं आहेत. त्यांतील बाईच्या मुलाचें नांव काय, तिनें त्या दिवशीं काय रांधलें, हें विचारण्याचें कोणाला कारण नव्हतें.

हा प्रकार बदलण्यास वरून आलेला एखादा उदार विचार कारण झाला नाहीं. यंत्र स्वस्त झालें हें त्याचें कारण. १८८८ सालीं कोडॅक कंपनीनें शंभर चित्रांची फिल्म आंत भरलेला कॅमेरा २५ डॉलरला विकावयास काढला. चित्रें संपलीं कीं सबंध पेटीच कारखान्यांत परत धाडावयाची, पुढचें सारें कारखाना पाहून घेई. १९०० सालीं त्याच कंपनीनें ब्राउनी नांवाचा कॅमेरा एका डॉलरला काढला. त्याबरोबर यंत्र तज्ज्ञांच्या हातांतून सुटून मुलांच्या व गृहिणींच्या हातीं आलें, आणि कॅमेऱ्यानें प्रथमच सामान्य घराचा उंबरठा आंतून पाहिला. आज आपण ज्याला क्षुद्र छायाचित्रांचा सुळसुळाट म्हणून नाक मुरडतों, त्याचा उगम येथें आहे. परंतु हाच तो क्षण आहे कीं ज्या वेळीं नमुना म्हणून उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचें चित्र स्वतः घेण्याचा हक्क मिळूं लागला. ज्यांना सुळसुळाट दिसतो त्यांनीं हा हक्कहि पाहावा.

आपल्याकडे मात्र यंत्र घरांत आलें तरी दृष्टि फार दिवस दरबारीच राहिली. मध्यमवर्गीय मराठी घरांतील कोणताहि जुना आल्बम उघडून पाहावा. मुंज, लग्न, डोहाळजेवण, बारसें, पदवीदान, निवृत्तीचा निरोपसमारंभ. सर्वजण रांगेंत उभे, सर्वांच्या अंगावर ठेवणींतले कपडे, सर्वांचे हात मांड्यांवर. या आल्बमांवरून कोणी आपल्या वाडवडिलांची कल्पना करूं लागला, तर हीं माणसें आयुष्यभर कोणाच्या तरी लग्नाला निघालीं होतीं, अशीच त्याची समजूत होईल. माझ्या आजीचें एकच छायाचित्र आमच्या घरीं आहे. एका लग्नांतील समूहचित्रांत ती शेवटच्या रांगेंत, दोन फेट्यांच्या मधून अर्धवट दिसत होती. ती गेल्यावर तिचा तेवढा चेहरा कापून, मोठा करून, वरून रंगाचा हात फिरवून भिंतीवर लावला. पाऊणशें वर्षें जी बाई चुलीपुढें, जात्यापुढें, तुळशीपुढें वावरली, जिच्या हाताला धरून आम्ही भावंडें चालावयास शिकलों, तिचा हात कसा दिसत होता हें आज माझ्या मुलांना कोणी दाखवूं शकत नाहीं. कारण त्या हाताचें चित्र घ्यावें इतका तो कोणालाहि महत्त्वाचा वाटला नाहीं. ही एका घराची गोष्ट नव्हे. भिंतीवर चंदनाचा हार घातलेल्या आपल्याकडील किती आज्या अशाच परक्या लग्नांतून कापून आणलेल्या आहेत, याचा वाचकांनीं आपापल्या घरीं शोध घ्यावा.

याच्या उलट, जेथें घरांतील माणसानेंच घराकडे डोळे उघडून पाहिलें, तेथें काय हातीं लागलें त्याचीं उदाहरणें आपल्याच देशांत आहेत. उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) हे संस्कृत व फारसी यांचे व्यासंगी गृहस्थ. अमृता शेरगिल या चित्रकर्तीचे वडील म्हणून लोक त्यांना ओळखतात. या गृहस्थांनीं अनेक दशकें स्वतःचीं, पत्नीचीं आणि दोन्ही मुलींचीं छायाचित्रें घेतलीं. तीं धंद्यासाठीं घेतलेलीं नव्हतीं. त्यांची थोरवी जगाला त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीं कळली. १९१९ सालीं जन्मलेल्या मनोबिना राय व देबलिना मजुमदार या जुळ्या बंगाली बहिणींना वडिलांनीं लहान वयांतच कॅमेरे दिले. पुढें दोघींनींहि संसार केले; मनोबिना या चित्रपटदिग्दर्शक बिमल राय यांच्या पत्नी म्हणून मुंबईंत राहिल्या. परंतु संसार करीत असतांनाच दोघींनीं आपल्या भोवतींचीं माणसें, मुलें, शेजारपाजार वर्षानुवर्षें टिपला. गृहिणीच्या डोळ्यांना घर कसें दिसतें, हें सांगणारीं असलीं चित्रें आपल्याजवळ मोजकीं आहेत. छायाचित्रें काढूं नका असें त्या दोन मुलींना त्यांच्या वडिलांनीं सांगितलें असतें, तर तीं मोजकींहि राहिलीं नसतीं.

"पण कॅमेरा डोळा आणि अनुभव यांच्या मध्यें येतो, त्याचें काय?" असें विरक्त विचारील. या प्रश्नामागें थोर नांवें उभीं आहेत. सुझन सॉन्टॅग या अमेरिकन विदुषीनें १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या छायाचित्रणावरील ग्रंथांत म्हटलें कीं, छायाचित्र घेणें ही अनुभवाची खात्री पटविण्याची रीत असली, तरी ती अनुभव नाकारण्याचीहि रीत आहे. प्रवासी अनुभवाचें रूपांतर नुसत्या आठवणीच्या वस्तूंत करून टाकतो. प्रवाशापुरतें हें मला मान्य आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत वीस मिनिटें मिळालेला मनुष्य जर तीं वीस मिनिटें मोबाइलच्या पडद्यावर घालवील, तर तो करंटाच म्हणावयाचा. परंतु माझें अशील अजिंठ्याला गेलेलें नाहीं. तें आपल्याच स्वयंपाकघराच्या दारांत उभें आहे. जी फरशी त्यानें दहा हजार वेळां तुडविली आणि एकदांहि पाहिली नाहीं, ती तो आज पाहतो आहे, आणि कॅमेरा हातांत आहे म्हणूनच पाहतो आहे. अपरिचित वस्तूसमोर कॅमेरा पडदा ठरत असेल. अतिपरिचित वस्तूसमोर तो पडदा दूर करणारा हात ठरतो. अतिपरिचयानें अवज्ञा होते, हें सुभाषित आपण शाळेंत पाठ केलें; त्या अवज्ञेवर इतका सोपा उपाय सांपडला असतां त्याचीच अवज्ञा करावी, हें शहाणपणाचें नव्हे.

येथें मानसशास्त्राची साक्षहि काढतां येते, आणि ती विरक्तांना वाटते तशी एकतर्फी नाहीं. लिंडा हेंकेल या अमेरिकन संशोधिकेनें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संग्रहालयांतून लोकांना फिरविलें. ज्या वस्तूंचीं सबंध छायाचित्रें त्यांनीं घेतलीं, त्या वस्तु त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षां कमी आठवल्या. हा निष्कर्ष सर्वत्र दुमदुमला. त्याच प्रयोगाचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणीं सांगितला नाहीं. ज्यांनीं वस्तूचा एखादाच भाग जवळ आणून टिपला, त्यांच्या स्मृतीला अशी झीज लागली नाहीं. २०१८ सालीं बाराश, झाउबरमन व डील या तिघांनीं याहून मार्मिक गोष्ट दाखविली. स्वतःच्या आठवणीसाठीं छायाचित्र घेणाऱ्याला अनुभवाचा जितका आनंद मिळतो, त्यापेक्षां तो समाजमाध्यमांवर इतरांस दाखविण्यासाठीं घेणाऱ्याला कमी मिळतो. कारण आपण लोकांना कसे दिसूं ही चिंता त्याच्या मनांत शिरलेली असते. रोग यंत्रांत नसून त्या चिंतेंत आहे. सुरी भाजी चिरते आणि बोटहि कापते. म्हणून कोणी गृहिणीला सुरी टाकून दे म्हणत नाहीं, बोट संभाळ म्हणतो.

आतां दुसऱ्या बाजूच्या कलामार्तंडांकडे वळूं. हे विरक्तांइतके सरळ नाहींत. ते हौशी माणसाला प्रेमानें जवळ घेतात, स्पर्धेचा अर्ज हातीं देतात आणि पाहतां पाहतां त्याचा डोळा काढून घेतात. चित्राचे तीन भाग असे पाडा, क्षितिज मध्यावर नको, कडेला एक झाड ठेवा, पार्श्वभूमि धूसर करा. या व्याकरणाशीं माझें भांडण नाहीं. व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या माणसानें तें करूंहि नये. पण व्याकरण शिकून झाल्यावर सर्वांनीं एकच निबंध लिहावा, हा हट्ट कशाला? कोणत्याहि स्पर्धेचें प्रदर्शन पाहा: धुक्यांतली होडी, घाटावरचा साधु, वारींतल्या वृद्धेच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या, धुरकट झोपडींत तिरप्या किरणांत बसलेलें पोर. त्या वृद्धेचें नांव काय, ती कोणत्या गांवाहून चालत आली, तिला तें चित्र कोणीं पाठविलें काय, हें परीक्षकहि विचारीत नाहींत आणि पारितोषिक घेणाराहि सांगत नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं सरकारी ग्रंथांत माणसें नमुने म्हणून उभीं होतीं; आज तीं स्पर्धेच्या दालनांत सुरकुत्यांचे नमुने म्हणून उभीं आहेत. इकडे आमच्या कारकुनाला त्याच्या स्वतःच्या आईच्या सुरकुत्या ठाऊक असतात. त्यांतील कोणती कोणत्या काळजीनें पडली हेंहि तो सांगूं शकेल. पण तिचें चित्र त्यानें नेलें, तर उजेड सपाट आहे व मागें गॅसचें सिलिंडर दिसतें, म्हणून तें परत येईल. मी विचारतों, सिलिंडर दिसलें तर बिघडलें काय? तिच्या आयुष्यांतील निम्मा काळ त्या सिलिंडरपाशींच गेला आहे. पन्नास वर्षांनीं तिच्या पणतीला धूसर पार्श्वभूमीपेक्षां त्या सिलिंडराचेंच अधिक कौतुक वाटेल.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटूं नये, कारण तो आपण साहित्यांत एकदां लढून जिंकलेला आहे. लघुनिबंध मराठींत आला तेव्हां जुनी छत्री, रुतलेला कांटा, चहाचा पेला हे काय लिहिण्याचे विषय, असा ओरडा झालाच होता. ना. सी. फडके यांनीं त्या लेखनाला 'गुजगोष्ट' हें घरगुती नांव दिलें, अनंत काणेकरांनीं तें खेळकरपणें पुढें चालविलें, आणि वाचकांच्या ध्यानांत आलें कीं विषय क्षुद्र नसतो, नजर क्षुद्र असते. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. सोंवळें-ओंवळें, भांडणें, रुसवे-फुगवे, फसलेले बेत यांनीं तीं भरलेलीं आहेत, आणि त्यांना आपण वाङ्मयाचें लेणें मानतों. शाईनें काढलेल्या घरगुती चित्राला आपण मखरांत बसवावें आणि प्रकाशानें काढलेल्या घरगुती चित्राला मात्र उथळपणा म्हणून हिणवावें, हा न्याय कोणता? दादासाहेब फाळके यांचेंच उदाहरण घ्या. १९१२ सालीं नवा कॅमेरा हातीं आल्यावर, 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं, त्यांनीं कुंडींतील वाटाण्याचें बीं कसें अंकुरतें आणि वेल कसा चढतो, तें थोडें थोडें करून दिवसेंदिवस टिपलें. पौराणिक राजाच्या आधीं त्या कॅमेऱ्यानें वाटाण्याचा मान राखला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

कोणी म्हणेल, वाटाणा वाढतांना दिसला हें खरें. पण साध्या घरगुती चित्रांतून असा कोणता अर्थ निघतो? एक उदाहरण देतों. आमच्या घराच्या सज्ज्यांत कपडे वाळत घालण्याची एक दोरी आहे. गेलीं वीसएक वर्षें महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं मी त्या दोरीचें एक छायाचित्र घेत आलों आहें. आरंभींच्या चित्रांत झबल्यांची व दुपट्यांची रांग आहे. पुढें शाळेचा निळा गणवेश येतो, वर्षागणिक रुंदावतो आणि एका जून महिन्यांत नाहींसा होतो. दोरीच्या उजव्या टोकाला माझ्या वडिलांचें धोतर असे. तें टोक त्यांच्या खोलीच्या दारापाशीं होतें, आणि स्वतःचें धोतर स्वतःच वाळत घालण्याचा त्यांचा नेम होता. एका फेब्रुवारीपासून तें टोक रिकामें आहे. पुढील चार महिन्यांच्या चित्रांतहि तें रिकामेंच आहे. घरांत कोणीं कोणाला कांहीं सांगितलें नव्हतें. दोरीवर दाटी होत होती, कपड्यावर कपडा पडत होता. पण त्या टोकावर कोणींहि हात नेला नाहीं. पांचव्या महिन्यांत तेथें एक लहानसा हातरुमाल दिसतो. हा मौनांत पाळलेला दुखवटा घडत असतांना घरांतील कोणालाहि कळला नव्हता. तो त्या चित्रांनीं सांगितला, आणि तीं चित्रें ओळीनें मांडलीं नसतीं तर मला मरेपर्यंत कळला नसता.

हीं चित्रें मी कलामार्तंडांस दाखविलीं तर त्यांना ओले कपडे दिसतील, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. फ्रेंच लेखक रोलां बार्थ यानें १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत आपल्या मृत आईच्या एका बालपणींच्या छायाचित्राभोंवतीं सबंध विवेचन गुंफलें आहे. पुस्तकांत इतर कित्येक छायाचित्रें छापलीं आहेत. तेवढें एक छापलेलें नाहीं. तें आपल्यालाच कांहीं सांगतें, वाचकाला तें इतरांसारखेंच एक चित्र वाटेल, असें त्यानें स्पष्ट केलें आहे. हौशी छायाचित्रणाचें सारें मर्म या न छापण्यांत आहे. ज्या चित्राचा अर्थ एकाच घराला लागतो तें निरर्थक ठरत नाहीं. आईनें हाक मारण्यासाठीं ठेवलेलें नांव शब्दकोशांत सांपडत नाहीं म्हणून कोणी त्याला निरर्थक म्हणत नाहीं.

माझ्या अशिलालाहि चार शब्द सुनावणें प्राप्त आहे. वकिलानें अशिलाची खुशामत करूं नये. आमच्या तरुणपणीं रोलमध्यें बारा किंवा छत्तीस चित्रें बसत, आणि प्रत्येक चित्र घेण्यापूर्वीं मनुष्य खिशाचा विचार करी. आज तो अडसर उरलेला नाहीं, म्हणून तो आपल्या मनानें घालून घेतला पाहिजे. हजार चित्रें घेऊन एकहि न पाहणारा मनुष्य कांहींच पाहत नाहीं, असें विरक्त म्हणतात तेव्हां तें खोटें नसतें. वर्षाअखेर बारा चित्रें निवडावीं, त्यांच्या कागदावर प्रती काढाव्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें तारीख, स्थळ व माणसांचीं नांवें लिहावीं. मोबाइल हरवतो, बिघडतो, त्याचा परवलीचा शब्द मालकाबरोबर जातो. कपाटांतील पाकिटाला परवलीचा शब्द लागत नाहीं. ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याला विचारावें. मूल असलें तरी विचारावें. आणि लोकांच्या पसंतीचे आंकडे मोजण्याची संवय लागली असेल, तर ती सोडावी. त्या आंकड्यांनीं आपण आपल्याच घरांत पाहुणे होऊन बसतों.

विरक्तांना माझें सांगणें एवढेंच कीं, क्षण जगण्याचा उपदेश करण्यापूर्वीं, जगून झालेल्या क्षणांचें काय होतें याचाहि विचार करावा. ज्यांच्या आयुष्यांत मोठे प्रसंग येतात त्यांचीं चित्रें इतिहास जपतो. ज्यांच्या आयुष्यांत निवडलेले तांदूळ, भरलेलें दप्तर आणि वाळत घातलेलें धोतर यांपलीकडे फारसें कांहीं घडत नाहीं, त्यांचीं चित्रें घरच्या माणसानें काढलीं तरच राहतात. घरांत बहुधा एकच व्यक्ति सर्वांचीं छायाचित्रें काढीत असते, आणि त्यामुळें ती स्वतः कोणत्याच छायाचित्रांत नसते. या रविवारीं तिच्या हातून यंत्र मागून घ्या. तिला नटावयास, उभें राहावयास, हसावयास सांगूं नका. ती जें काम करीत असेल तें करूं द्या, आणि तिचे हात नीट दिसतील एवढें पाहा.